टस्कीगी येथील इमारती व त्यांच्या विटा



खेड्यांतील मंडळीपुढें इमारतीचा प्रश्न नेहमींच उभा असतो. प्रार्थनामंदिराचें छप्पर गळतें, शाळेची भिंत फुगते, उपदेशकाच्या खोलीला धड दार नसतें. मग मंडळीचे वडील एकत्र बसतात, आणि पहिला शब्द निघतो तो हा कीं, पैसा कोठून येणार? हें बोलणें आम्हीं पुष्कळ ठिकाणीं ऐकलें आहे, आणि आम्ही स्वतःहि तें बोललों आहों. म्हणून ह्या वेळच्या अभ्यासासाठीं आम्हीं दूरदेशची एक जागा निवडली आहे. ती म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं आलाबामा ह्या संस्थानांतील टस्कीगी गांवचें विद्यालय. आज तें विश्वविद्यालय आहे, आणि कृष्णवर्णी लोकांसाठीं स्थापिलेल्या शिक्षणसंस्थांत त्याचें नांव मोठें आहे. परंतु त्याची कीर्ति गाण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याच्या भिंती कोणीं उभ्या केल्या, कशा केल्या, आणि तें करतांना लोकांच्या मनांत काय काय आलें, एवढेंच आपणांस पाहावयाचें आहे.

प्रथम थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. त्या देशाच्या दक्षिण भागांत आफ्रिकेंतून धरून आणिलेल्या लोकांस व त्यांच्या वंशजांस गुरांप्रमाणें विकीत व विकत घेत. कापसाच्या शेतांत त्यांच्याकडून काम घेत. कित्येक संस्थानांत तर दासास अक्षर शिकविणें हा कायद्यानें गुन्हा होता. मोठें यादवी युद्ध होऊन १८६५ सालीं ही दास्यपद्धति कायद्यानें बंद झाली. आमच्या महाराष्ट्रांत ही वार्ता चांगलीच ठाऊक होती. जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं प्रसिद्ध केलेलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक, ज्या अमेरिकन सज्जनांनीं दासांस मुक्त करण्याच्या कामीं औदार्य दाखविलें, त्यांसच अर्पण केलें आहे. जोतीरावांनीं त्या लोकांच्या दुःखांत आपल्या लोकांचें दुःख ओळखलें होतें.

दास्य सुटलें, परंतु सुटलेल्या लोकांपाशीं जमीन नव्हती, घर नव्हतें, शाळा नव्हती. उत्तरेकडील मंडळ्यांनीं व अमेरिकन मिशनरी असोसिएशन ह्या संस्थेनें तेथें शिक्षक पाठविले. टेनेसी संस्थानांतील नॅशविल शहरीं १८६६ सालीं फिस्क विद्यालय निघालें तें सैन्याच्या एका जुन्या दवाखान्याच्या लांकडी बराकींत. व्हर्जिनियांत हॅम्प्टन येथें १८६८ सालीं सॅम्युएल आर्मस्ट्राँग ह्या सेनाधिकाऱ्यानें दुसरें विद्यालय काढलें. हे गृहस्थ हवाई बेटांत काम करणाऱ्या एका मिशनऱ्याचे पुत्र होते.

ह्या हॅम्प्टनच्या दारांत १८७२ सालीं एक तरुण येऊन उभा राहिला. त्याचें नांव बुकर वॉशिंग्टन. तो दास्यांत जन्मला होता, व नंतर मिठाच्या भट्टीवर आणि कोळशाच्या खाणींत कामास होता. सुमारें पांचशें मैलांची वाट त्यानें कांहीं पायीं, कांहीं कोणाच्या गाडींतून, अशी काढली. रिचमंड शहरीं पैसे संपले, तेव्हां रस्त्याच्या कडेच्या लांकडी पादचारी वाटेखालीं जी पोकळी असते तींत तो रात्रीं निजे, आणि दिवसा गलबतांतून लोखंड उतरविण्याचें काम करी. हॅम्प्टन येथील तीन मजली विटांची इमारत दुरून दिसतांच आपले सर्व श्रम फिटले असें त्यास वाटलें, असें त्यानें पुढें आपल्या आत्मचरित्रांत लिहिलें आहे. मुख्य शिक्षिकेनें त्याची परीक्षा घेतली ती अशी कीं, एक वर्ग झाडून काढण्यास सांगितलें. त्यानें तो तीनदां झाडला व चारदां पुसला. बाईंनीं हातरुमालानें भिंती व बांकें पुसून पाहिलीं; धुळीचा कण निघाला नाहीं, आणि मुलास प्रवेश मिळाला.

आतां टस्कीगीकडे वळूं. त्या गांवीं लुइस अ‍ॅडम्स नांवाचा एक पत्र्याचें काम करणारा कारागीर होता. तो पूर्वीं दास होता. जॉर्ज कॅम्पबेल नांवाचा एक गोरा सावकार होता. तो पूर्वीं दासांचा धनी होता. ह्या दोघांच्या खटपटीनें संस्थानच्या विधिमंडळानें कृष्णवर्णी शिक्षक तयार करण्याच्या शाळेकरितां वर्षास २,००० डॉलर मंजूर केले. आर्मस्ट्राँग ह्यांजकडे शिक्षक मागितला, व त्यांनीं वॉशिंग्टन ह्यांचें नांव सुचविलें. १८८१ सालच्या जून महिन्यांत ते टस्कीगीस पोहोंचले, तेव्हां त्यांस वाटलें होतें कीं, इमारत तयार असेल. तेथें इमारतहि नव्हती आणि जमीनहि नव्हती. सरकारी पैसा होता तो केवळ शिक्षकांच्या पगारापुरता. त्यांतून एक खिळाहि घेतां येत नव्हता.

त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं कृष्णवर्णी मेथडिस्ट मंडळीच्या प्रार्थनामंदिराशेजारील एका मोडकळीस आलेल्या झोंपडींत ३० विद्यार्थ्यांची शाळा सुरू झाली. मंदिराची खोलीहि सभेसाठीं वापरावयास मिळाली. पाऊस आला म्हणजे एक मोठा विद्यार्थी आपला धडा सोडून उठे व शिक्षकाच्या डोक्यावर छत्री धरून उभा राही, आणि बाकीचे आपापले पाठ म्हणून दाखवीत. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं पावसाळ्यांत खेड्यांतील शाळा पाहिली आहे त्यांस हें चित्र समजावून सांगण्याची गरज नाहीं.

तीन महिने झाले नाहींत तोंच गांवापासून सुमारें एक मैलावर १०० एकरांचा एक जुना मळा विकाऊ निघाला. किंमत ५०० डॉलर. अर्धे रोख, अर्धे वर्षभरांत. हॅम्प्टनच्या खजिनदारांनीं स्वतःच्या पैशांतून २५० डॉलर उसने दिले. मळ्यांतील धन्याचा मोठा वाडा पूर्वींच जळून गेला होता. उरलें होतें काय? भोजनाची एक खोली, एक जुनें स्वयंपाकघर, एक तबेला आणि कोंबड्यांचें एक मोठें खुराडें. चारहि साफ करून त्यांत शाळा भरूं लागली. तबेल्यांत एक वर्ग, खुराड्यांत दुसरा. खुराडें साफ करण्याच्या दिवशीं शेजारच्या एका वृद्धास मदतीस बोलाविलें, तेव्हां तो चकित होऊन म्हणाला कीं, तुम्ही तें काम दिवसाढवळ्या करणार कीं काय! त्याच्या आयुष्यांत कोंबड्यांच्या खुराड्यांत लोक शिरत ते रात्रींच, आणि कशासाठीं तें वाचकांनीं ओळखावें.

हा धडा मंडळींत सांगतांना उपदेशकांनीं येथें थोडें थांबावें. ज्या मळ्यांत ह्या मुलांच्या आईबापांसारख्या माणसांच्या पाठीवर चाबूक पडला, त्याच मळ्याच्या तबेल्यांत बसून तीं मुलें गणित शिकूं लागलीं. ऐकणाऱ्यांस विचारावें कीं, आपल्या गांवांत अशी कोणती जागा आहे, जेथें आपल्या आजोबांस पायरीशीं उभें राहावें लागे?

पैसे जमविण्याचें काम ऑलिव्हिया डेव्हिडसन ह्या शिक्षिकेनें उचललें. तिनें गांवांत घरोघर जाऊन, कोणाकडून भाजलेली कोंबडी, कोणाकडून पाव, कोणाकडून गोड पदार्थ मागून आणिले, व त्यांची विक्री करून भोजनसमारंभ केले. गोऱ्यांनींहि दिलें, काळ्यांनींहि दिलें. एके दिवशीं सत्तरीच्या घरांतील एक म्हातारी, फाटक्या पण स्वच्छ वस्त्रांत, काठी टेंकीत आली. तिची सर्व हयात दास्यांत गेली होती. तिनें सहा अंडीं आणिलीं होतीं व तीं मुलांमुलींच्या शिक्षणासाठीं घ्यावींत अशी विनंति केली. पुढें लक्षावधि डॉलरांच्या देणग्या ज्यांस मिळाल्या, त्या वॉशिंग्टन ह्यांनीं लिहून ठेविलें आहे कीं, ह्या अंड्यांइतकें दुसऱ्या कोणत्याहि दानानें आपलें मन हेलावलें नाहीं. तीन महिन्यांत उसने २५० डॉलर फिटले, व आणखी दोन महिन्यांत जमिनीचें खरेदीखत शाळेच्या हातीं आलें.

मग पहिली मोठी इमारत काढण्याचें ठरलें. खर्चाचा अंदाज ६,००० डॉलर, आणि हातांत जवळजवळ कांहींच नाहीं. जवळच्या एका गोऱ्या लांकूडगिरणीवाल्यानें केवळ शब्दावर लांकूड दिलें. ब्रुकलिनच्या पोर्टर नांवाच्या एका दात्यानें ५०० डॉलर दिले, म्हणून इमारतीस पोर्टर हॉल हें नांव पडलें. पाया विद्यार्थ्यांनीं खणला. पुढें त्याच इमारतीखालची माती उपसून त्यांनीं तळघर केलें व तेथें स्वयंपाक व भोजन होऊं लागलें. सुताराचीं कामाचीं बांकें हींच जेवणाचीं मेजें. एके सकाळीं तेथें इतका घोटाळा झाला कीं, कित्येकांस न्याहारीच मिळाली नाहीं. एक मुलगी विहिरीवर पाणी तरी प्यावें म्हणून गेली, तों दोर तुटलेला. ती वैतागून म्हणाली कीं, ह्या शाळेंत प्यावयास पाणीसुद्धां मिळत नाहीं. शिक्षकांच्या कानीं तें पडलें. हा प्रसंग वॉशिंग्टन ह्यांनीं झांकून ठेविला नाहीं, ही आम्हांस त्यांची मोठी गोष्ट वाटते. आमच्या अहवालांत अशा मुलीचें वाक्य कधीं येत नाहीं!

आतां विटांकडे येऊं. हा भाग आमच्या वाचकांस सर्वांत चांगला कळेल, कारण त्यांपैकीं पुष्कळांनीं उचल घेऊन वीटभट्टीवर मोसम काढला असेल. टस्कीगी गांवांत वीटभट्टी नव्हती, आणि विटांस मागणी होती. वॉशिंग्टन ह्यांस वाटलें कीं, आपल्या मुलांनींच विटा कराव्यात. त्यांस स्वतःस त्या कामाची कांहीं माहिती नव्हती. चिखलाच्या खड्ड्यांत गुडघ्यापर्यंत बुडून तासन्‌तास उभें राहावयाचें, हें काम पाहून कित्येक मुलगे कंटाळले व शाळा सोडून गेले. बऱ्याच खटपटीनंतर चिकण माती सांपडली. सुमारें २५,००० विटा पाडून पहिली भट्टी लावली, ती फसली. दुसरी लावली; तीहि फसली. तिसरी लावली. भट्टी पुरती भाजण्यास सुमारें एक आठवडा लागतो. शेवटच्या दिवसांत, आतां काम फत्ते झालें असें वाटत असतांना, मध्यरात्रीं ती भट्टी ढासळली.

वाचकहो, भट्टी ढासळते म्हणजे काय होतें हें तुम्हीं पाहिलें असेल. लांकूड गेलें, माती गेली, आठवड्याचें जागरण गेलें. शिक्षकांपैकीं बहुतेक म्हणाले कीं, आतां हा नाद सोडावा. वॉशिंग्टन ह्यांजपाशीं एक जुनें घड्याळ होतें. तें घेऊन ते माँटगोमेरी शहरास गेले व गहाणवटीच्या दुकानांत तें ठेवून १५ डॉलर आणिले. त्या पैशांतून चौथी भट्टी लागली, आणि ह्या वेळीं विटा पक्क्या भाजल्या. घड्याळ सोडविण्याची मुदत आली तेव्हां पुन्हां हात रिकामा होता, म्हणून तें गेलें तें गेलेंच.

पुढें विटांचा हा धंदा एवढा वाढला कीं, १९०१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आत्मचरित्रांत वॉशिंग्टन ह्यांनीं एका मोसमांत १२ लक्ष विटा पाडल्याचें लिहिलें आहे. त्या वेळपर्यंत शाळेच्या आवारांत लहानमोठ्या ४० इमारती झाल्या होत्या, व त्यांपैकीं चार वगळून बाकीच्या जवळजवळ सर्वस्वीं विद्यार्थ्यांच्या श्रमानें उभ्या होत्या. पंचक्रोशींतील गोरे लोकहि विटा विकत घेण्यास येऊं लागले. ज्यांस ही शाळा डोळ्यांत खुपत होती, तेहि चांगली वीट पाहून गाडी जुंपून आले. वॉशिंग्टन ह्यांनीं ह्यावरून पुष्कळ आशा बांधली. विटेच्या व्यवहारानें थोडा सलोखा झाला हें खरें आहे. परंतु ज्या वर्षांत ह्या विटा विकल्या जात होत्या, त्याच वर्षांत आलाबामा संस्थानांत कृष्णवर्णी लोकांचा मताधिकार काढून घेण्यांत आला, हेंहि तितकेंच खरें आहे. १९०१ सालचीच ती नवी घटना होय. वीट विकत घेणारा शेजारी मतपेटीपाशीं शेजारी राहिला नाहीं.

येथें एका वादाचा उल्लेख करणें अवश्य आहे, आणि त्यावर आम्ही जरा अधिक थांबणार आहों. मुलांनीं शाळेंत हातानें काम करावें ह्यास टस्कीगीच्या कित्येक आईबापांनीं विरोध केला. कोणीं चिठ्ठ्या पाठविल्या, कोणी स्वतः आले. त्यांचें म्हणणें, मुलास पुस्तकें शिकवा, काम नको. त्या आईबापांस आम्ही हंसत नाहीं. आम्ही लहानपणीं एका वसतिगृहांत होतों. तेथें सुटीच्या दिवशीं मुलांकडून विटा वाहवीत. शाळेची नवी खोली होणार आहे असें सांगितलें होतें. आम्हीं आनंदानें वाहिल्या. दोन महिन्यांनीं कळलें कीं, त्या विटांनीं एका कारभाऱ्याच्या घराचा ओटा झाला. ही गोष्ट आम्हीं वडिलांस सांगितली, तेव्हां ते बराच वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, “बाळा, मी जन्मभर पाटलाच्या वाड्याची माती वाहिली. तुला तिकडे धाडलें तें माती वाहायला नव्हे.” वेठ आणि श्रम ह्यांतील भेद आमच्या लोकांस पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं.

ह्याच मुद्द्यावर डु बॉइस नांवाच्या एका थोर कृष्णवर्णी विद्वानानें १९०३ सालीं वॉशिंग्टन ह्यांजवर उघड टीका केली. ते फिस्क विद्यालयाचे १८८८ सालचे पदवीधर. त्यांचें म्हणणें असें कीं, आमच्या मुलांस केवळ वीट पाडण्यास व शेत नांगरण्यास शिकवून, उच्च शिक्षण व नागरिकाचे हक्क हीं मागें ठेवण्यास सांगितलें, तर धन्यांस तेंच हवें आहे. हा आक्षेप खोटा म्हणून टाकून देतां येत नाहीं. ते ज्या फिस्क येथें शिकले तेथील ज्युबिली हॉलचीहि कथा ऐकण्यासारखी आहे. शाळा कर्जांत बुडाली असतां १८७१ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत नऊ तरुण गायक आपल्या शिक्षकाबरोबर निघाले, व दास्यांत आपल्या आईबापांनीं गाइलेलीं भक्तिगीतें त्यांनीं शहरोशहरीं व पुढें इंग्लंडांतहि गाइलीं. त्या पैशांतून बांधलेली ती सहा मजली इमारत १८७६ सालीं खुली झाली व आजहि उभी आहे. म्हणजे एका विद्यालयाच्या भिंती चिखलांतून निघाल्या आणि दुसऱ्याच्या गळ्यांतून.

आमचें स्वतःचें मत विचाराल तर, टस्कीगीच्या आवारांतच ह्या वादाचें अर्धें उत्तर दिसतें, आणि तें उत्तर म्हणजे रॉबर्ट टेलर हे गृहस्थ होत. ह्यांचा जन्म १८६८ सालीं उत्तर कॅरोलायनांतील विल्मिंग्टन येथें झाला. बाप सुतारकाम व बांधकाम करी; तो दास्यांत जन्मलेला होता. टेलर ह्यांनीं बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयांत स्थापत्यशास्त्राचा अभ्यास केला व १८९२ सालीं ते तेथील पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णी विद्यार्थी झाले. तेथून ते टस्कीगीस आले. १८९३ सालची विज्ञानमंदिराची इमारत, अँड्र्यू कार्नेगी ह्यांच्या देणगींतून झालेलें ग्रंथालय, मुख्याध्यापकांचें ‘दि ओक्स’ हें घर, १९१० सालचें मोठें भोजनगृह, ह्यांचे आराखडे त्यांनींच केले. विद्यार्थी वीट पाडीत, विद्यार्थी ती रचीत, आणि नकाशा काढणाराहि त्यांच्याच लोकांपैकीं एक असे. तो नकाशा कसा काढावा हें तो त्यांस शिकवी. ज्या शाळेंत मुलास चिखल तुडविण्यास सांगतात पण नकाशा दुसरा कोणी आणून देतो, तेथें डु बॉइस ह्यांचा आक्षेप पूर्ण लागू पडतो. जेथें चिखलाच्या खड्ड्यापासून नकाशाच्या मेजापर्यंत वाट मोकळी असते, तेथें तो तितका लागू पडत नाहीं. आमच्या वसतिगृहांत ती वाट नव्हती. आपल्या गांवच्या शाळेंत ती आहे कीं नाहीं, ह्याचा विचार मंडळीच्या वडिलांनीं अवश्य करावा.

टेलर ह्यांच्या कामांत प्रार्थनामंदिर सर्वांत सुंदर मानीत. तें १८९८ सालीं पुरें झालें. विटा मुलांच्या, सुतारकाम मुलांचें, आणि विजेचे दिवे लावण्याचें कामहि मुलांचेंच. त्याच्याजवळच्या स्मशानभूमींत १९१५ सालीं वॉशिंग्टन ह्यांस पुरलें. त्यांच्या मरणसमयीं शाळेंत शंभरांवर इमारती व सुमारें १,५०० विद्यार्थी होते. शेजारींच १९४३ सालीं जॉर्ज कार्व्हर ह्यांची कबर झाली. कार्व्हर हे शेतकीचे शास्त्रज्ञ. १८९६ सालीं आले तेव्हां त्यांस प्रयोगशाळा म्हणून कांहींच नव्हतें, म्हणून त्यांनीं उकिरड्यावरील बाटल्या, बरण्या व मोडकीं भांडीं जमवून काम सुरू केलें. त्यांच्या नांवाचें संग्रहालय पुढें ज्या इमारतींत झालें ती पूर्वीं विद्यालयाची कपडे धुण्याची इमारत होती. कोणतीहि भिंत वायां घालवावयाची नाहीं, हा त्या आवाराचा स्वभावच दिसतो.

खेड्यांतील मंडळ्यांस आवाराबाहेरचें एक काम अधिक उपयोगी वाटेल. शिकागो येथील ज्यूलियस रोझेनवाल्ड हे ज्यू धर्माचे व्यापारी टस्कीगीच्या विश्वस्तमंडळांत होते. वॉशिंग्टन ह्यांच्या सूचनेवरून त्यांनीं १९१२ सालीं जवळपासच्या सहा खेड्यांत शाळा बांधण्यास पैसा दिला. त्यांतील पहिली १९१३ सालीं लोचापोका ह्या गांवीं झाली. पुढें हें काम पंधरा संस्थानांत पसरलें, आणि १९३२ सालापर्यंत सुमारें ५,००० शाळा उभ्या राहिल्या. आरंभीचे नमुन्याचे आराखडे टस्कीगीस टेलर ह्यांच्या हाताखालीं झाले. खेड्यांत वीज नव्हती, म्हणून खिडक्या मोठ्या, एकीशेजारी एक, आणि इमारतीचें तोंड असें ठेवीत कीं पूर्वपश्चिमेचा उजेड आंत यावा. आमच्याकडे अंधाऱ्या खोलींत मुलें डोळे ताणून वाचतात. गवंड्यास एक खिडकी अधिक पाडावयास सांगितली तर खर्च तो किती?

ह्या शाळांचा नियम असा होता कीं, संपूर्ण पैसा कोणीहि देणार नाहीं. कांहीं रोझेनवाल्ड देतील, कांहीं सरकारनें द्यावा, आणि कांहीं गांवच्या कृष्णवर्णी लोकांनीं. हे लोक बहुतेक दुसऱ्याच्या जमिनीवर वांट्यानें कापूस पिकविणारे. कोणीं जमीन दिली, कोणीं झाडें तोडून दिलीं, कोणीं कापसाचा एक तुकडा शाळेच्या नांवानें पेरला. शेवटीं हिशेब झाला तेव्हां असें दिसलें कीं, ह्या गरीब लोकांचें दान त्या श्रीमंत दात्याच्या दानाहून थोडें अधिकच भरलें. मात्र हेंहि सांगितलें पाहिजे कीं, तेच लोक सरकारास करहि देत होते, आणि त्या करांतून गोऱ्या मुलांच्या शाळा होत होत्या. म्हणजे त्यांनीं एकाच शाळेचे पैसे दोनदां दिले. कोणी ह्या गोष्टीचा उपयोग करून आमच्या लोकांस ‘तुम्ही स्वतःच बांधा’ असें म्हणून सरकारी कर्तव्यांतून अंग काढून घेऊं लागला, तर तें आम्हांस मान्य नाहीं.

एका इमारतीविषयीं लिहितांना लेखणी जड होते. १९१३ सालीं विद्यालयाचें स्वतःचें रुग्णालय झालें. आसपासच्या प्रदेशांत कृष्णवर्णी रोग्यांस व कृष्णवर्णी डॉक्टरांस तें मोठें आश्रयस्थान होतें. परंतु १९३२ सालीं सरकारी आरोग्यखात्यानें त्या जिल्ह्यांतील सुमारें ६०० कृष्णवर्णी पुरुषांवर एक पाहणी सुरू केली. त्यांपैकीं ३९९ जणांस उपदंश, ज्यास खेड्यांत गरमी म्हणतात, तो रोग झाला होता. त्यांस खरें सांगितलें नाहीं. ‘तुमचें रक्त बिघडलें आहे, उपचार करितों’ असें सांगून, रोग शेवटपर्यंत कसा वाढतो एवढेंच पाहत राहिले. पेनिसिलिन हें गुणकारी औषध सर्वत्र मिळूं लागलें तरी तें त्यांस दिलें नाहीं. ह्या कामीं विद्यालयाच्या रुग्णालयाचाहि उपयोग झाला. १९७२ सालीं वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला तेव्हां हें थांबलें, आणि १९९७ सालीं राष्ट्राध्यक्षांनीं जिवंत उरलेल्या वृद्धांची जाहीर क्षमा मागितली. त्या गरीब शेतकऱ्यांनीं विश्वास ठेविला तो त्या दारावर ठेविला, कारण तें दार आपल्या लोकांचें आहे असें त्यांस वाटलें. आमच्या रुग्णालयांत, शाळेंत, वसतिगृहांत ज्यांच्या हातीं किल्ल्या आहेत त्यांनीं हा भाग दोनदां वाचावा, अशी आमची नम्र विनंति आहे.

आतां प्रार्थनामंदिराकडे परत जाऊन हा पाठ पुरा करूं. टेलर ह्यांनीं नोकरींतून निवृत्त झाल्यावर आपल्या जन्मगांवीं वास केला होता. १९४२ सालच्या डिसेंबर महिन्यांत ते टस्कीगीस आले असतां, आपण स्वतः आराखडा केलेल्या त्याच मंदिरांत उपासनेस बसले, आणि तेथेंच एकाएकीं कोसळले. त्यांस विद्यालयाच्या रुग्णालयांत नेलें. तेथें त्यांचा प्राण गेला. पुढें १९५७ सालीं त्या मंदिरास आग लागली, व मुलांनीं केलेल्या विटांचें तें घर जळून गेलें. त्यांतील रंगीत काचांची एक मोठी खिडकी, जीवर दास्यांतील भक्तिगीतांचीं दृश्यें काढलेलीं होतीं, तीहि गेली.

नवें मंदिर होण्यास बारा वर्षें लागलीं. तें १९६९ सालीं पुरें झालें. पॉल रुडॉल्फ नांवाच्या नामांकित स्थापत्यकारानें, फ्राय व वेल्च ह्या दोन कृष्णवर्णी स्थापत्यकारांसह, त्याचा आराखडा केला. ह्या दोघांनींहि पूर्वीं टस्कीगी येथें अध्यापन केलें होतें. मूळ कल्पना सबंध मंदिर सिमेंट काँक्रीटचें ओतण्याची होती. शेवटीं तें लोखंडी सांगाड्यावर विटांचें बांधलें. जळालेल्या खिडकीचीं दृश्यें रंगीत काचेंत पुन्हां करून आंत बसविलीं आहेत, आणि वॉशिंग्टन व कार्व्हर ह्यांच्या कबरी बाहेर त्याच जागीं आहेत.